आरशाचा खिळा

भागवतने हजामतीची पेटी आणि घडीची खुर्ची खाली ठेवली, आरसा टांगायला हात वर केला आणि हात तसाच राहिला. भिंतीवर खिळा नव्हता. खिळ्याच्या जागी आरसाच होता, पण रंगवलेला.

शाळेच्या कंपाउंडची ती भिंत सुशोभीकरणात गेली होती. चित्रकलेच्या सविता मॅडमनी तिच्यावर अख्खं नगर उतरवलं होतं. टेम्पोतले कोथिंबिरीचे गठ्ठे, एका स्कूटीवर तिघीजणी आणि मधोमध गिऱ्हाइकाची दाढी करणारा भागवत. समोरच्या हॉटेलात चहा पीत मॅडम रोज त्याला बघायच्या. त्याच्या आरशात मागचा सगळा रस्ता धावताना दिसायचा, त्यावरूनच त्यांना हे चित्र सुचलं. तो आरसा रंगवताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. गंजका खिळा मात्र त्यांनी स्वतःच उपटून फेकला होता.

"सरक रे भागवत," पालिकेचा मुकादम म्हणाला. "साहेब येतायत उद्घाटनाला. इथून पुढं चित्रासमोर कुणी बसायचं न्हाई."

"आजच्या दिवस ना?"

"कायमचं."

वडिलांपासूनची जागा होती. दुसरीकडे बसलं तर गिऱ्हाईक काय शोधत येणार होतं? भागवतने भिंतीवरच्या भागवतकडे पाहिलं, मग भिंतीच्या टोकांना फितीसाठी खिळे ठोकून आलेल्या मॅडमकडे.

"म्हंजे भिंतीवर मी चालतो, भिंतीखाली चालत न्हाई व्हय? मॅडम, तुमीच सांगा."

मॅडमना लाज वाटली. पिशवीतली हातोडी काढून त्यांनी उरलेला एक खिळा रंगवलेल्या आरशाच्या बरोबर वर ठोकला. रंगाचा मोठा टवका उडाला.

"अवो, चित्राला भोक पाडताय!" मुकादम ओरडला.

"माझंच आहे. विचारलं कुणी तर माझं नाव सांगा."

भागवतने आरसा टांगला. रंगवलेला आरसा त्याच्यामागे पुरता झाकला गेला. मॅडमना वाईट वाटायचं ते वाटलंच.

साहेब आले तेव्हा खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं होतं, अर्ध्या गालाला फेस. फीत कापून झाली, फोटो झाले. चित्र बघत बघत साहेब मधोमध आले.

"वा! आरसा तर काय हुबेहूब काढलाय," म्हणत ते वाकले. आत स्वतःचाच चेहरा दिसला आणि त्यांचा हात आपोआप केसांवरून फिरला. मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं.

भागवतने वस्तरा गालापासून उचलला.

"साहेब, जरा सरका. उजेड अडतोय."

साहेब सरकले.