अडकलेले बाबा

"बाबा, मीटिंगमध्ये तुम्ही तोंड उघडं टाकून पुतळा का होऊन बसता?"

'बाबांना विचारून दाखव' अशी मैत्रिणींची पैजच होती, मग मी काय मागे हटते. जेवताना सरळ विचारून टाकलं. आईने डोळे वटारले, पण बाबा हसले.

"अगं, लॅपटॉप तापला की आपणहून हळू चालतो, मग माझं चित्र अडकतं. आतला पंखा साफ करून झाला, खाली स्टँड ठेवून झाला, तरी नुसता तव्यासारखा तापतो."

"आज काय झालं तेही सांगा की लेकीला," आई म्हणाली.

बाबांनी पाण्याचा ग्लास उगाच गोल फिरवला. "साहेब म्हणाले, परवा ग्राहकांसमोर तुम्ही नका बोलू, सारखे अडकता. दुसऱ्या कोणाला तरी बसवतो. काम सगळं माझंच होतं गं."

मी हातातला घास ताटात ठेवला. रोज संध्याकाळी मीटिंगआधी बाबा चहाला उठले की मी त्यांच्याच लॅपटॉपवर माझ्या चॅनेलचा नवा व्हिडिओ तयार व्हायला लावते आणि गुपचूप सटकते. तो मागे तासन्‌तास चालतो आणि सगळा प्रोसेसर एकटाच खातो.

मी उठून लॅपटॉप आणला आणि दोघांपुढे उघडला. व्हिडिओ अजून तयार होतच होता. त्यात मी दाराआडून मोबाईलवर टिपलेले, लॅपटॉपच्या पडद्यावरचे बाबा होते, तोंड उघडं टाकून अडकलेले, आणि वर नाव होतं, "आमचा पुतळा, भाग सातवा".



"आई, बाबा, हे चॅनेल मी आत्ताच बंद करतेय, आणि उद्या मीटिंगमध्ये साहेबांशी आधी मी बोलणार आहे."