रिकाम्या खुर्चीची चाचणी

"पोरी, आधी रिकाम्या खुर्चीची चाचणी घ्यायची, मग माणसाची. म्हणजे यंत्राची खोड कळते," पीएचडीच्या मार्गदर्शक सरांचा सहा वर्षांपूर्वीचा आवाज तिच्या मनात अजून घुमे. श्रवण-प्रयोगशाळेच्या बंद खोलीत ती रोज सकाळी खुर्चीवर हेडफोन आणि बटण ठेवी, दार लावी आणि बाहेरून सूर सोडी. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, एवढाच नियम.

खुर्चीवर कुणी नसताना बटण दाबलं जाई. उजव्या कानाच्या प्रत्येक सुराला. डाव्या कानाच्या एकालाही नाही.

तंत्रज्ञदादांनी यंत्र तीनदा बदललं. "ताई, खुर्चीचा डावा कान फुटलाय," म्हणून हसले. फरक शून्य.

आज प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. रिकाम्या खुर्चीच्या नोंदी ठेवल्या तर सहा वर्षं पाण्यात. खोडल्या तर प्रबंध खोटा. तिने त्या नोंदींचा आलेख सरांपुढे केला.

"सर, हसू नका हं."

सर हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी आलेख डोळ्यांजवळ धरला.

"खोडून टाक. मीही खोडल्या होत्या."

"तुम्ही? कधी?"

"माझ्या प्रबंधाच्या वेळी, याच खोलीत. तीस वर्षांत कुणाला बोललो नाही." त्यांनी कागद हलकेच पालथा घातला. "पण तेव्हा त्याला दोन्ही कानांनी ऐकू यायचं."