वरच्या खोलीतली खडखड

वरून खडखड आली आणि नीलकंठ पुणतांबेकर सरांचं पेन कागदावरच थांबलं. दुपारचे दोन वाजले होते. खिडकीबाहेर दुर्गाघाटची गल्ली उत्तरेतल्या हिवाळी धुक्यात बुडाली होती. समोरच्या घराचं दारसुद्धा दिसत नव्हतं. वरची खोली त्यांच्या बायकोची, सुनीतीची. चैत्रात ती गेली. तेरावं झाल्यावर सरांनी स्वतः खोलीला कुलूप लावलं आणि घरात तिचा विषय काढायचा नाही, असं मुलीला सांगून टाकलं.

खडखड पुन्हा आली. थोडी धावली, थांबली, परत धावली.

आपण घाबरलो आहोत, हे सरांना स्वतःलाच पटेना. उभा जन्म त्यांनी विद्यापीठात इंग्रजी शिकवण्यात घालवला होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या भुताच्या गोष्टी हा त्यांचा खास विषय. निवृत्तीनंतरही व्याख्यानाला बोलावणी येत. आत्ताही टिपणंच चालली होती. आधी वातावरण लागतं, असं त्यांनी लिहिलं होतं. धुकं, बंद खोली, ओळखू न येणारा आवाज. मग लागतो माणूस. शिकलेला, एकटा, आपल्याला सगळं कळतं असं समजणारा. सरांनी यादी वरून खालपर्यंत वाचली. सगळं जमलं होतं. फक्त राणी तेवढी नव्हती.

मुलगी, ऋता, शाळेत शिकवायला गेली असणार. तिनं तसं सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

गोष्टीतल्या माणसाच्या हातात अशा वेळी मेणबत्ती असते. सरांच्या हाताला छत्री लागली. जिन्यात त्यांना रामरक्षेचा पहिला श्लोक आठवला. दुसरा काही केल्या आठवेना. त्याच्या जागी स्वतःच्याच पुस्तकातली एक तळटीप आठवली.

दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारायचंच, "सर, ये आदमी भागता क्यों नहीं? ऊपर क्यों जाता है?" सर हसून सांगत, "स्वभाव!" आता पाचव्या पायरीवर त्यांना कळलं, की आपण पोरांना थापा मारल्या. ते वर निघाले होते, कारण वर सुनीती असली तर, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पायरी करकरली. वरची खडखड तत्क्षणी थांबली. आत जे कोणी होतं, ते त्यांची चाहूल घेत होतं.

कुलूप उघडंच कडीला लटकत होतं. सरांनी छत्रीच्या टोकानं दार ढकललं.

"सुनीती?" नऊ महिन्यांत हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

आत ऋता होती. शिलाई मशीनपाशी, आईची निळी साडी मांडीवर घेऊन बसलेली. एक हात मशीनच्या चाकावर घट्ट दाबलेला.

"तू? आणि शाळा?"

"छुट्टी आहे, बाबा. ठंडीची. आठ दिवस झाले." चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला. "चावी तुमच्या कपाटातून घेतली. आईच्या साड्यांची गोधडी शिवतेय. रागावू नका, मी बंद करते."

सरांना इतकं हसू आलं, की ते चौकटीला टेकले. "अगं, मला वाटलं, भूत! मला! वर्गात कळलं असतं तर पोरांनी वरात काढली असती माझी." त्यांनी डोळे पुसले. "आणि आवाज मशीनचा होय! इतकी वर्षं घरात मशीन आहे, पण मला मेला ओळखूच आला नाही."

ऋता हसली नाही.

"कसा येईल? जिन्यात तुमचं पाऊल वाजलं की आई मशीन थांबवायची. तुम्ही परत बाहेर जाईपर्यंत आम्ही दोघी गप्प बसायचो."

सरांनी तिच्या चाकावरच्या हाताकडे पाहिलं. तो अजून तसाच घट्ट दाबलेला होता. भीती माणसाच्या अंगावर कशी दिसते, यावर त्यांनी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

त्यांनी छत्री भिंतीला टेकवली आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"मी इथं बसलो तर चालेल का?"

असं त्यांनी तिला कधीच विचारलं नव्हतं. ऋतानं मांडीवरची साडी सारखी केली. मग म्हणाली, "बसा. पण आईबद्दल काहीतरी बोला."

तासन् तास व्याख्यानं देणाऱ्या सरांना पहिलं वाक्य सुचेना. शेवटी, समाचाराला आलेल्या प्रत्येकाला जे कौतुकानं सांगितलं होतं, तेच तोंडात आलं.

"तुझी आई इतकी शांत होती गं, की घरात आहे की नाही, कळायचंसुद्धा..."

पुढचा शब्द त्यांच्याच्यानं उच्चारवला नाही. ते छत्रीकडे बघत राहिले, मग त्यांना तीही दिसेनाशी झाली.

ऋतानं त्यांच्यादेखत मशीन सुरू केलं.