दोनशे एक

“दोनशे एक,” क्लीट खुर्चीत रेलून म्हणाला. “कोचच्या थडग्याच्या दगडावर विजयांचा दुसरा कुठला आकडा कोरला, तर मी स्वतः हातोडा घेऊन जाईन.”

“अधिकृत नोंदीत एकशे नव्वद आहेत,” बाकावरून लायमन म्हणाला. तो निवृत्त मास्तर. दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्याला कॉफी गोड लागत नसे.

न्हाव्याचं दुकान ऑर्व्हलचं. त्याने क्लीटच्या गालांवर फेस चढवायला घेतला. आरशाच्या वर त्यानेच लाल रंगाने रंगवलेला, हातभर उंचीचा २०१ वीस वर्षं तसाच होता. त्यापुढे त्याला वेगळं काही म्हणायचं नव्हतं.

सगळ्या गावाला पाठ असलेली गोष्ट. वीस वर्षांपूर्वीच्या त्या मोसमात कॉलेजचा संघ अकराच्या अकरा सामने जिंकला. मग फुटबॉल मंडळाकडे एक निनावी पत्र गेलं, की परीक्षेत नापास झालेला एक खेळाडू नियम मोडून सगळा मोसम खेळला आहे. मंडळाने चौकशी केली आणि कोच ब्रँट यांच्या नावावरचे ते अकरा विजय पुसून टाकले. लोकांनी थंडीत कुडकुडत पाहिलेले सामने कागदावर झालेच नाहीत.

पत्र गावच्या पेपरात छापून आलं. आणि मार्कांचे कागद होते कुणाच्या ताब्यात? कॉलेजचा कारकून व्हर्जिल, ऑर्व्हलचा सख्खा धाकटा भाऊ. गावाला आणखी विचार करायची गरज वाटली नाही. ऑर्व्हललाही नाही. त्या शनिवारी व्हर्जिल केस कापायला आला, तेव्हा ऑर्व्हल समोरच्या मोकळ्या खुर्चीवर हात ठेवून भरल्या दुकानात म्हणाला होता, “खुर्ची रिकामी नाही.” व्हर्जिल मान हलवून निघून गेला. ‘मी नाही लिहिलं’ एवढंच तो पुढे वीस वर्षं सांगत राहिला.

आता तो इस्पितळात होता. रविवारी त्याच्या मुलीने, नेडीनने, फोन केला होता. “काका, बाबा तुमची आठवण काढतात.” ऑर्व्हल म्हणाला होता, “आधी कबूल करू दे. मग येतो.”

“तो खेळाडू नापास आहे, हे कोचना माहीत असणारच,” लायमन सोडायला तयार नव्हता. “कुठला खेळाडू रात्री काय जेवला, तेसुद्धा त्यांना माहीत असायचं.”

“ए मास्तर, तोंड सांभाळ! आज दुपारी माती द्यायचीय त्यांना.” आणि क्लीटने आवाज बारीक करून पत्राचं पहिलं वाक्य म्हटलं, वर्षानुवर्षं म्हणायचा तसंच. “‘तीन आठवडे माझ्या डोळ्याला डोळा नाही, म्हणून हे लिहितो आहे.’ अरे, झोप येत नव्हती तर गोळी घ्यायची होतीस! देवमाणसाच्या मुळावर का उठलास?”

ऑर्व्हल हसला. कोच या नकलेला कधी हसले नव्हते. दर शुक्रवारी यायचे, खुर्ची फिरवून आकड्याकडे पाठ करून बसायचे. “काढून टाक तो, ऑर्व्हल,” असं एकदा म्हणालेही होते. एवढा मोठा माणूस, पण मिरवणं म्हणून नाही, असं ऑर्व्हल पुढे येईल त्याला सांगत होता.

सकाळीच कोचच्या मुलीने एक पुडकं आणून दिलं होतं. वर कोचच्या नेहमीच्या हिरव्या पेन्सिलीने लिहिलेलं, ‘ऑर्व्हलसाठी. मी गेल्यावर.’ ते अजून कंगव्यांशेजारी तसंच पडून होतं.

दार उघडलं. नेडीन. डोळे सुजलेले, हातात घडी घातलेला कागद.

“आणलंय,” ती म्हणाली. “बाबांनी सांगितलं, मी लिहिलं. सही त्यांची आहे.”

ऑर्व्हलने हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. “‘पत्र मी लिहिलं. ऑर्व्हल, चुकलो. आता ये.’”

“शेवटी!” क्लीटने खुर्चीच्या हातावर थाप मारली. “आणि तेही आजच्या दिवशी!”

“वीस वर्षं नाही म्हणाला, आणि आज हो?” लायमन पुटपुटला.

“आता कशाला खोटं बोलेल तो?” ऑर्व्हलचा आवाज चिरकला. त्याला एकदम हलकं वाटलं. भावाशिवाय काढलेले नाताळ, भावजयीच्या मयतीला रस्त्यापलीकडे उभं राहणं, सगळं बरोबरच होतं तर. त्याने कागद २०१च्या खाली टाचणीने लावला.

“डॉक्टर म्हणतात, संध्याकाळ निघणं कठीण आहे,” नेडीन म्हणाली. “गाडी बाहेर आहे, काका.”

“याची दाढी अर्धी झालीय. दहा मिनिटं थांब.”

तिने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. “बरं वाटलं ना तुम्हाला? त्यांना तेवढंच हवं होतं.” आणि ती बाहेर जाऊन गाडीत बसली.

ऑर्व्हलने वस्तरा सफाईने फिरवला. शेवटी गरम टॉवेल क्लीटच्या तोंडावर डोळ्यांपर्यंत गुंडाळला.

“तेवढ्यात ते पुडकं उघड की,” क्लीट आतून म्हणाला. “आणि मोठ्याने वाच. आम्हालाही कळू दे.”

आत त्याच मोसमाची वही होती. एका पानावर एक सामना. अकरा पानं झाली. बाराव्या पानावर सामना नव्हता. एका पत्राचा कच्चा मजकूर होता, हिरव्या पेन्सिलीने लिहिलेला. पहिल्या ओळीत ‘दोन’ खोडून वर ‘तीन’ केलं होतं.

“‘तीन आठवडे,’” ऑर्व्हल वाचू लागला, “‘माझ्या डोळ्याला डोळा नाही, म्हणून...’”

बाहेर नेडीनने हॉर्न दिला.

टॉवेलखाली क्लीट खदाखदा हसला. “अरे, व्हर्जिलचं पाठ आहे आम्हाला. कोचनी काय लिहिलंय, ते वाच.”