मोठ्या देशाचे मत

“ताराचंद, तू माह्या पाठीत सुरा खुपसला,” रुपराव म्हणाले आणि खुर्ची मागे सारून उभे राहिले.

टीव्हीच्या पडद्यावर वामनरावांच्या देशाचे नाव लुकलुकत होते. जागतिक परिषदेने त्या देशास अध्यक्षपद बहाल केले होते. खेळ समाप्त झाला होता. रुपरावांचा संताप मात्र आता कोठे आरंभला होता.

वामनराव हे त्यांचे धाकटे बंधू, कॉलेजात शिकवीत असत. त्यांनी मुंबईहून टीव्हीस जोडावयाचे संगणक यंत्र आणले होते. तेव्हापासून मे महिन्याच्या दुपारी धरमपेठेतील त्या घरात, कूलरसमोर, पाळीपाळीने चालणारा राज्यांचा खेळ मांडला जाई. तिघांचे तीन देश. आपली पाळी आली की शहर वसवावे, शेती वाढवावी, सैन्य राखावे. अखेरीस परिषद भरे. दोन मोठे देश अध्यक्षपदास उभे राहत आणि प्रत्येक देश आपले मत देई. ज्याची प्रजा अधिक, त्याच्या मताचे वजन अधिक.

मतदान गुप्त असे. एकाने यंत्राशी बसावे आणि उरलेल्यांनी भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, हा नियम. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटे. त्याचा अर्थ वामनरावांनी सर्वांस पहिल्याच दिवशी समजावला होता. “हे मशीन विचारते, तुमचा देश कोणाले मत देते? एक का दोन?” कोणी कोणास मत दिले, हे यंत्र कधीही उघड करीत नसे.

रुपराव स्वतः यंत्रास स्पर्श करीत नसत. दुकानातील पंख्याने त्यांना एकदा असा झटका दिला होता की, तेव्हापासून विजेचे कोणतेही बटण दाबणे हे घरातील इतरांचे काम झाले. ते आरामखुर्चीतून आज्ञा करीत. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई बटणे दाबीत. दुपारच्या जेवणानंतर रुपरावांचा डोळा लागे, तरीही त्यांचा देश वाढतच असे. तो तिघांत सर्वांत मोठा झाला होता, आणि त्याचा रुपरावांस मोठा अभिमान होता.

परंतु आजचा डाव निराळा होता. त्यांची कन्या प्रेमिला बारावी उत्तीर्ण झाली होती. रुपरावांनी काटोलचे स्थळ मनात धरले होते. तिला पुढे शिकवावे, असे वामनराव म्हणत. महिनाभर दोघा भावांचे खटके उडाले. शेवटी आज सकाळी वामनराव म्हणाले, “दादा, परिषद तू जिंकला तर मी चूप. मी जिंकलो तर पोरीले कॉलेजात घालू.” रुपरावांनी तात्काळ हातावर हात मारला. दिलेला शब्द ते मोडीत नसत, ही त्यांची गांधीबागेच्या कापडबाजारात ख्याती होती. शिवाय सर्वांत मोठा देश त्यांचा, आणि तिसरा देश ताराचंदचा. ताराचंद म्हणजे त्यांचा जिवलग मित्र. हरावयाचे कारणच नव्हते.

आणि ते हरले होते.

“मी तुमच्याच नावाचं बटन दाबलं, रुपरावजी,” ताराचंद काकुळतीने म्हणाला. “लेकराची शप्पथ घेऊन सांगून राहिलो.”

“मंग काय भुतानं दाबलं? वामन्याचं मत वामन्याले. माहं मत मले. उरला कोण? तूच उरला ना गा?”

“दादा, खेळ आहे तो,” वामनराव म्हणाले.

“खेळ? माही पोरगी खेळ आहे काय?”

स्वयंपाकघरात प्रेमिला भांडी घाशीत होती, तो आवाज एकाएकी थांबला.

रुपरावांच्या कपाळाची शीर तटतटली होती. गांधीबागेत त्यांची व ताराचंदची कापडाची दुकाने एकमेकांस लागून होती. मधल्या भिंतीत त्यांनी एक खिडकी पाडली होती. एका दुकानात नसलेले कापड त्या खिडकीवाटे दुसऱ्या दुकानातून येई आणि गिऱ्हाईक उठून जात नसे. चहाही त्याच खिडकीतून येई. ताराचंदच्या वडिलांच्या निधनाची वार्ताही तिच्यातूनच आली होती, आणि रुपराव त्या खिडकीतूनच पलीकडे उतरून गेले होते.

“उद्या गवंडी बोलावतो,” रुपराव म्हणाले. “खिडकी चिणून टाकतो. तुह्यं तोंड नाही पाहाचं मले.”

ताराचंद दाराशी गेला आणि चपला शोधू लागला. त्या समोरच होत्या, तरी त्यास दिसत नव्हत्या.

“ताराचंदभाऊ, थांबा.”

यंत्रासमोरच्या स्टुलावरून सुभद्राबाई उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. इतका वेळ त्या तेथेच बसल्या होत्या. रुपरावांनी मात्र मते मोजताना खोलीतील तीनच माणसे मोजली होती.

“त्याहिले बोलू नका,” त्या पतीस म्हणाल्या. “वामनभाऊजीले मत त्याहिनं नाही देलं. आपल्या देशानं देलं.”

रुपरावांस प्रथम अर्थच लागला नाही. मग लागला.

“मी तुह्या कानात ‘एक दाब’ म्हनून सांगितलं, मंगच भिंतीकडे वळलो होतो,” ते कसेबसे म्हणाले.

“तुमी सांगितलं,” सुभद्राबाई म्हणाल्या. “मले इचारलं त्या मशीननं.”