तुटकी क्लिप

लढाईनंतर रानात उरलेले भूसुरुंग मुलगा यंत्राने शोधायचा. यंत्रात बॅटरी धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप मोडलेली आईला दिसली.

"असल्या जिवावरच्या कामाला दोरा गुंडाळून चालवतोस होय रे?" म्हणत तिने तापल्या सुरीने जुन्या कंगव्याचा तुकडा डकवला, बॅटरी घट्ट बसवली आणि यंत्र लोखंडी तव्याजवळ नेलं. ते केवढ्यानं तरी किंचाळलं.

"बघ! आईचा हात आहे."

मुलगा पांढराफटक पडला. "आई, काल ओढ्याकाठी हे एकदाही वाजलं नाही. मी रान साफ म्हणून सही केली."

आई अनवाणीच धावत सुटली. सुनेला तिनेच सकाळी तिकडे गवताला पिटाळलं होतं, "रान साफ झालंय, आता कसली नाटकं करतेस?"