सातवा रकाना

बहिणीने पिशवीतून पॉलिसी काढून टेबलावर ठेवली, तेव्हाच विमा एजंटाला आठवलं की त्यात काय नाही.

"सगळे कागद आणलेत बघ, दादा," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, या आठवड्यात ऑपरेशन झालं तर पाय राहील. नाहीतर गुडघ्यापासून काढावा लागेल. हॉस्पिटलवाल्यांना गाडीच्या विम्याचं पत्र हवंय, खर्च मिळेल असं. तेवढं आजच्या आज दे."

तिचा नवरा रंगारी होता. सारा जन्म शिडीवर उभं राहून त्याने लोकांची घरं रंगवली. सहा दिवसांपूर्वी रंगाचे डबे गाडीत टाकून तो कामावर निघाला होता. सिग्नलला नियमाने थांबला होता बिचारा. बाजूने एक गाडी आली आणि त्याच्या पायासकट दार आत चेपून गेली. ठोकणाऱ्याकडे विमा नव्हता. गाडीसुद्धा धड त्याची नव्हती.

"काल त्या माणसाच्या घरी जाऊन आले," बहीण म्हणाली. "एवढीशी खोली, त्यात पाच माणसं. मला बघून रडायलाच लागला. शेवटी मीच त्याला पाणी दिलं. उघड्याकडे नागडं गेलं, दुसरं काय!"

एजंट पॉलिसीची पानं पुढे-मागे करत राहिला.

"ह्यांना मात्र कसली काळजी नाही. अख्ख्या वॉर्डला सांगत असतात, माझ्या मेहुण्याने स्वतःच्या हाताने फॉर्म भरलाय, त्यात काही राहून जाणं शक्यच नाही."

एजंटाचा अंगठा सातव्या रकान्यावर होता. तो त्याने उचलला नाही.

एवढ्यात दारातून बेकरीवाला डोकावला. त्याच्या पावाच्या गाडीचा विमा आज संपत होता. एजंटाने त्याला "या, या, बसा" असं इतक्या अगत्याने म्हटलं की तो जरा बावरलाच.

"सगळं गेल्या वर्षीसारखंच ठेवा साहेब," तो म्हणाला. "फक्त तो सातवा रकाना, विमा नसलेल्याने ठोकलं तर भरपाई, तो काढायचा का? इतकी वर्षं झाली, कोणी ठोकलं नाही."

"काढू नका," एजंट खालच्या आवाजात म्हणाला.

"असं नुसतं नाही. ते तुमचं नेहमीचं सांगा की, गाड्या घेऊन."

हा एजंट टकल्याला कंगवा विकेल, अशी त्याची ख्याती होती. टेबलावर दोन खेळण्यातल्या गाड्या असायच्या, एक तांबडी, एक निळी. समोर गिऱ्हाईक बसलं की निळी तांबडीवर आदळायची आणि भाषण सुरू व्हायचं. आज त्याचा हात उठेना. मग बेकरीवाल्यानेच गाड्या ओढून घेतल्या आणि एजंटाचा आवाज काढून तो बहिणीकडे बघत बोलू लागला.

"बघा ताई, असं सांगतात हे. तांबडीत तुम्ही. तुम्ही हो नीट चालवाल, पण समोरच्या येड्याचं काय? त्याचा विमा नाही, खिशात दमडी नाही. ठोकलं त्याने, मोडलात तुम्ही. आता कोणाच्या दारात जाऊन बसाल?" त्याने निळी गाडी आपटली. तांबडी कलंडली. तो मनापासून हसला.

बहिणीने हे भाषण कधी ऐकलंच नव्हतं. घरच्यांपुढे ते करायची त्याला लाज वाटायची.

"दादा," तिने विचारलं, "हा रकाना आमच्यात आहे ना?"

त्याने अंगठा उचलला. सातव्या रकान्यावर आडवी रेघ होती आणि शेजारी त्याच्याच वळणदार अक्षरात 'नको' लिहिलेलं होतं.

"मी खोडला," तो म्हणाला.

"का रे?"

"तू घरची ना. म्हटलं, तुमच्यावर उगाच जादा हप्त्याचा भार कशाला. हे असलं बाहेरच्यांच्या गळ्यात मारायचं असतं."

बेकरीवाल्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. एजंटाला त्याचं भान नव्हतं. निम्म्या गावाला त्याने गोड बोलून या रकान्याखाली आणलं होतं. उघडी राहिली होती ती फक्त त्याची स्वतःची माणसं, आणि तीही त्याच्या मायेपायी. बहिणीने ओरडावं, काहीतरी उचलून आपल्याला मारावं, असं त्याला फार वाटत होतं. ती एकेक कागद घडी घालून पिशवीत ठेवत होती.

"दाजींना मी येऊन सांगतो," तो म्हणाला.

"नको. तू नको येऊस. तुझं सगळंच त्यांना खरं वाटतं."

बेकरीवाल्याने कलंडलेली तांबडी गाडी हळूच सरळ केली.

"साहेब," तो चाचरत म्हणाला, "माझा तेवढा राहू द्या."

एजंटाने त्याचा फॉर्म पुढे ओढला. हाताला सवय होती. सातव्या रकान्यासमोरच्या चौकटीत त्याने बरोबरची खूण केली.

निघालेली बहीण थांबली. वाकून तिने त्या खुणेकडे नीट पाहिलं.

"एवढीशीच असते होय?" ती म्हणाली.